‘निळी खार’ राखणाऱ्या शरयूअक्का

ॲडव्होकेट शरयूअक्का देसाई यांना मी प्रथम भेटले ते बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधल्या त्यांच्या कचेरीत. वकिलीची परीक्षा देऊन मी निपाणीहून नुकतीच तिथे आले होते. अक्कांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि ट्रेडमार्क म्हणजे काय, असे विचारले. मी कायद्यातली व्याख्या घडाघडा म्हटली.

“सरी, बरोबर,” त्या म्हणाल्या, “पण गिऱ्हाइकाला एवढंच कळतं, की या नावाचा माल अमक्याचा. ते नाव दुसऱ्यानं लावलं, तर गिऱ्हाईक फसतं आणि पहिल्याची मेहनत वाया जाते.”

वर्षभराने के. आर. पुरमच्या गिरिजाबाई आल्या. वीस वर्षे त्या ‘निळी खार’ या नावाने शेंगदाण्याची चटणी विकत होत्या, नोंदणी मात्र केली नव्हती. आता एका व्यापाऱ्याने तेच नाव स्वतःच्या चटणीसाठी नोंदवायला अर्ज केला होता. असा अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला, की चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते; ती मुदत वाढत नाही. ते काम माझ्याकडे होते आणि मी तारीख चुकीची मांडली. अक्कांच्या ध्यानात आले तेव्हा दोनच दिवस उरले होते.

गिरिजाबाई घाबरल्या, नावच बदलते म्हणू लागल्या. मी मान खाली घालून उभी होते. अक्का त्यांना म्हणाल्या, “तारीख माझ्या कचेरीत चुकली, म्हणजे माझीच चुकली. तुम्ही नाव सोडू नका.”

हरकत त्याच दिवशी दाखल झाली. पुढे मी जुनी पाकिटे, छापखान्याची बिले, दुकानदारांची पत्रे जमवली. नोंदणी नसली तरी आधीपासूनचा वापर कायदा मानतो, हे अक्कांनी सुनावणीत पुराव्यानिशी दाखवले. व्यापाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि गिरिजाबाईंनी स्वतः अर्ज केल्यावर ‘निळी खार’ त्यांच्या नावावर नोंदली गेली. मला मात्र अक्का त्या चुकीबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी फाईल हातात दिली, एवढेच.

जिंकल्यावर गिरिजाबाईंना शेजारणीलाही नोटीस पाठवायची होती. तिच्या पाकिटावरही ‘शेंगदाण्याची चटणी’ असे लिहिलेले होते. अक्कांनी नकार दिला. पदार्थाचे साधे नाव सगळ्यांचे असते, ते कुणी एकट्याने अडवू नये, असे त्यांनी समजावले.

आज मारतहळ्ळीत नोकरी सांभाळून घरगुती उद्योग उभारणारी कितीतरी तरुण मंडळी पहिले पाकीट छापण्याआधी अक्कांचा सल्ला घेतात. पंचाहत्तरीतही अक्का प्रत्येकाचे नीट ऐकून घेतात. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि नव्या माणसांचे ऐकून घेण्याची ही हौस त्यांना शंभरीपार पुरो.