टवका

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाचा फोटो पांढऱ्या दिव्यावर लावला आणि पेनानं एक करडा ठिपका दाखवला. स्वादुपिंडात गाठ आहे म्हणे. स्वादुपिंड नावाचं काही माझ्या पोटात आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कसली गाठ?"

"नुसत्या फोटोवरून नक्की नाही सांगता येत, आजोबा. क्वचित होणारी दिसतेय. सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. सावकाश वाढणारी निघाली तर बरीच वर्षं काढाल."

"आणि नाही निघाली तर?"

"तर आपल्याला घाई करावी लागेल."

"एवढं मोठं मशीन, त्यात मला फळीसारखं सरकवलंत, आणि वर सांगता येत नाही?"

"अण्णा, गप्प बसा," शेजारी बसलेला माझा मुलगा पुटपुटला.

मी का गप्प बसू? फोटोकडे बघितलं, तर ठिपक्याभोवती ओंडक्याच्या कापावर असतात तशा रेषा. जन्मभर सुतारकी केली. नुसती वरची साल बघून लाकूड सांगणाऱ्या व्यापाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणायचो. वाकसानं टवका काढायचा, चिमटीत चोळायचा, वास घ्यायचा, मगच बोलायचं. एकदाच आळस केला, तर ती तुळई आतून पोखरलेली निघाली.

ही पोरगी साल बघून बोलत नव्हती, याचाच मला राग आला. थाप मारली असती तर उठून घरी गेलो असतो.

"काढा टवका," मी म्हटलं. "पण गाभ्यातला काढा, कडेचा नको. आणि मला आजोबा म्हणू नका."