वास येतो
सुकटीचा डबा उघडला की मला सोसायटीच्या सेक्रेटरींचा तो ईमेल आठवतो. कांदिवलीच्या फ्लॅटमधून मी सुक्या मासळीचा धंदा नुकताच सुरू केला होता. आई खारदांड्याहून बोंबील, सुकट घेऊन यायची, आम्ही हॉलमध्ये पंखा लावून निवडत बसायचो आणि तो खारट वास दिवसभर बोटांना चिकटून राहायचा. सेक्रेटरींनी लिहिलं, ‘आपल्या घरातून वास येतो का? लेखी खुलासा करावा.’ आई भडकली, "मासळीला मासळीचा नाय तर काय अत्तराचा वास येणार?" बहीण तेव्हा लॅपटॉपवर धंद्यासाठी डोमेन घेत होती. मी म्हटलं, "नाव टाक, वासयेतो." ती हसायलाच लागली, "वेडी आहेस का गं? बरं, आपल्या डोमेनवर ईमेल फुकट मिळतोय. पत्ता काय ठेवू, इन्फो?" "इन्फो कशाला? ‘हो’ ठेव." मग ‘हो ॲट वासयेतो’ या नव्या पत्त्यावरून मी सेक्रेटरींना खुलासा पाठवला. मजकूर कोराच ठेवला, पाठवणाऱ्याच्या जागी उत्तर होतंच. आता लोक सांगतात, धंदा जमलाय, जरा बरं नाव ठेव. कशाला? वास अजून येतोच.