नोटीस पाठवून मोडत आलेलं लग्न

माझं लग्न मी स्वतःच मोडत आणलं होतं, तेही कायद्यानं.

साखरपुडा उरकला तरी माझा बायोडाटा गावोगाव हिंडतच होता. मोहोळच्या आत्यानं तो इतक्या ग्रुपांवर टाकला होता, की रोज कुणीतरी अनोळखी काका ‘पत्रिका जुळतेय’ म्हणून फोन करायचे. तेवढ्यात इंटरनेटवरच्या खाजगी माहितीचा नवा कायदा पेपरात आला. दिलेली संमती मागं घेता येते, माहिती पुसायला लावता येते. मी हरखलोच! चिंचोळी एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत नोटीस लिहिली : ‘मी माझी संमती मागे घेत आहे. माझा फोटो, पत्रिका व सर्व माहिती त्वरित नष्ट करावी.’ आणि बायोडाटा गेलेल्या एकूण एक नंबरावर धाडली.

एकूण एक नंबरात होणारे सासरेही होते!

दहा मिनिटांत आईचा फोन. “अक्कलकोटचे पाहुणे विचारायलेत, पोरगं नको म्हणतंय का?”

“अगं, ते कायद्याचं हाय.”

“म्हणजे वकील बी केलास?”

आईनं आत्याला सांगितलं, आत्यानं ग्रुपांना. (तिची संमती कोण मागं घेणार!) संध्याकाळपर्यंत ग्रुपांवर मी कोर्टात गेलो होतो आणि माझं दुसरीकडं जमलंही होतं!

होणारी बायको, सुजाता, मला मनापासून आवडली होती. तशीच गाडी काढली आणि अक्कलकोट गाठलं. सासरे दारातच उभे.

“समदं पुसलो बघा. फोटो बी. पत्रिका तर जाळलो.”

“मामा, ती नोटीस तुमाला नव्हती.”

“माझ्याच फोनवर आली की.”

सुजाता मोबाईल घेऊन बाहेर आली. “कायदा सगळा वाचलाय का तुमी?”

“पेपरात आला तेवढा.”

“घरगुती कामाला तो लागूच न्हाय. हितं लिहिलंय. आता लग्न करायचंय का, तेवढं सांगा.”

“करायचंय,” मी इतक्या जोरात म्हणालो, की शेजारचे बाहेर आले.

सासरे हसले. पण मुहूर्त काढायला माझी पत्रिकाच कुणाकडं उरली नव्हती. (कायदा पाळायचा म्हणून मीही पुसली होती!) शेवटी काहीच न पुसलेल्या आत्याकडं मागितली. तिनं ती उत्साहानं सगळ्या ग्रुपांवर पुन्हा टाकली.

लग्नाला चार महिने झाले, अजून स्थळं येतात. फोन सुजाताच उचलते आणि मी घरात कसा आहे ते खरंखरं सांगते. त्या नंबरावरून पुन्हा फोन येत नाही.