अर्धी शीळ

आमच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही. तसा काही कायदा नाही, पण शिट्टी झाली की आमचे हे हातातला घास ताटात ठेवून उठतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात. मग जेवण गार होतं आणि माझं डोकं गरम. शेवटी मी कुकर माळ्यावर टाकला आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला लागले. शेजारीण म्हणते, गॅस किती जातो. जाऊ दे म्हटलं, नवरा तरी जागेवर राहतो.

आणि हाच माणूस लग्नाआधी शीळ घालत आमच्या गल्लीतून जायचा. खरं सांगायचं तर मी चेहरा पाहून होकार दिलाच नव्हता. चेहरा आहे आपला बेताचाच. माझा जीव जडला तो त्या शिळेवर. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना लहानपणी शिकवलेली एकच चाल होती ती, आणि तिचे दोन भाग होते. पहिला ह्यांनी घालायचा, दुसरा धाकट्या भाऊजींनी पुरा करायचा. हे अंगणातून सुरू करायचे आणि भाऊजी न्हाणीघरातून, गच्चीवरून, असतील तिथून उत्तर द्यायचे. उत्तर येईपर्यंत हे मान जराशी कलती करून तिथेच थांबायचे. भाऊजीही मुद्दाम उशीर करायचे, दादाला छळायला.

दोघंही कागदाच्या कारखान्यात कामाला. हे फिटर, भाऊजी लगद्याच्या टाकीवर. त्या टाकीत रद्दी पडते, खाली पाती फिरतात आणि तिचा लगदा होतो. रद्दीबरोबर तारा येतात, त्या पात्यांत अडकतात, मग मशीन बंद करून कुणीतरी आत उतरून त्या काढायच्या. तेव्हा तिथली रीत अशी होती की बटणावरचा माणूस मशीन चालू करण्याआधी शीळ घालणार आणि आत उतरलेला वर आला की आपल्या शिळेने उत्तर देणार. ज्याची त्याची शीळ ठरलेली. भाऊजींची म्हणजे त्या चालीचा दुसरा भाग. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग एका सकाळी मी ह्यांना सांगितलं की आपल्याकडे बाळ येणार आहे. हा माणूस असा हरखला की डबासुद्धा घरीच विसरला. कारखान्यात टाकीच्या मागून जाताना शीळ घालत होता, आणि आनंदाच्या भरात दोन्ही भाग एकट्यानेच घातले. हे मला ह्यांनीच नंतर सांगितलं, एकदाच. बटणावरच्याने दुसरा भाग ऐकला. त्याला वाटलं, आला वर. भाऊजी अजून आतच होते. पुढचं मला सांगवत नाही.

ह्यांना कुणी बोल लावला नाही. बटणावरचा माणूस तर ह्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला. पण त्या दिवसापासून ह्यांच्या ओठांवर शीळ आली नाही. लेक झाली, चालायला लागली, शाळेत गेली, नाही म्हणजे नाही. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "अहो, माझ्यासाठी एकदा. हळूच." हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले, मग मी पुन्हा विषय काढला नाही. पण खोटं कशाला बोलू, मला त्या शिळेची फार आठवण यायची. माणूस रोज समोर जेवायला बसतो आणि तरी त्याच्यासाठी जीव तुटतो, हे कुणाला सांगून पटत नाही.

कारखान्यात मात्र हे साहेबांच्या मागे हात धुऊन लागले आणि शिळेची रीत बंद करवली. म्हणाले, आवाजावर भरवसा नको. टाकीत उतरणाऱ्याने मशीनच्या खटक्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि वर आल्यावर स्वतःच ते काढायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून कुणाला इजा होऊ न देणं हेच ह्यांचं काम झालं. लोक 'कुलूपवाले' म्हणायला लागले. लागलं तर ते दिसतंच, पण थोडक्यात टळलं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे पाळी सुटताना फाटकाशी उभं राहून प्रत्येकाला विचारायचे, "आज काय होता होता राहिलं?" कुणाचा पाय घसरता घसरता राहिलेला असायचा, कुणाच्या डोक्याशेजारी पाना पडलेला. दुसऱ्या दिवशी हे त्या जागी हजर, फरशी घासायला नाहीतर जाळी बसवायला. घरी जेवतानाही तोच प्रश्न. लेक म्हणायची, "गणितात नापास होता होता राहिले, बाबा." हे हसायचे. तेवढंच.

ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मला आणि लेकीला बोलावलं होतं. हार, भाषण, चहा असा बेत. आम्ही पोचलो तर चहा राहिला बाजूला, टाकीपाशीच सगळी गर्दी. खटक्याला एक कुलूप लटकत होतं. सगळे ज्याला धांदऱ्या म्हणतात त्या फिटरचं. माणसाचा पत्ता नाही, फोन त्याच्या पिशवीत आणि पिशवी खुंटीवर. टाकीत बॅटरी मारून झाली होती, आत कुणी दिसत नव्हतं. साहेब नवे होते, माणूस चांगला, पण माल अडला होता.

"काका, टाकी रिकामी आहे. कुलूप कापू या."

हे खटक्याला पाठ लावून उभे. "तो येईल आणि काढेल."

"आणि नाही आला तर?"

"तर मशीन चालणार नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

मी म्हटलं, "साहेब, मी ह्यांच्यापायी कुकर सोडलाय."

शेवटी एकाला मोटारसायकलवर धांदऱ्याच्या घरी पिटाळलं. चहा गार झाला, हार मलूल झाले, लोक कुरकुरायला लागले. हे जागचे हलले नाहीत. दारातून फाटक दिसत होतं, तिकडे डोळे लावून उभे. तो चेहरा पाहून मला भडभडून आलं. अंगणात उत्तराची वाट बघायचे, तोच चेहरा.

आला धांदऱ्या. दाढ ठणकायला लागली म्हणून वर आल्या आल्या दातांच्या डॉक्टरकडे पळाला होता आणि कुलूपच विसरला होता. गाल हा सुजलेला, तोंड बधिर, धड बोलताही येईना. सगळे त्याच्यावर तुटून पडले. साहेबांचा पारा चढला. दोन्ही पायांनी चालत फाटकातून आत आलेल्या त्या माणसाकडे बघता बघता ह्यांच्या ओठांतून मात्र शीळ निघाली.

मी लगेच ओळखली. पहिला भाग, गल्लीतून यायचा अगदी तसाच. धांदऱ्याने खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं, तरी बटणाकडे कुणी गेलं नाही.

"आई, बाबांना शीळ येते?" लेकीने माझा हात धरला. "आणि मधेच का थांबले?"

हे मान जराशी कलती करून टाकीकडे कान लावून उभे होते. मी ज्यासाठी झुरले ते मला मिळालं होतं, आणि हे अजून वाट बघत होते. दुसरा भाग मला तोंडपाठ आहे. मी पुढे झाले आणि ओठांचा चंबू केला. नुसती हवा बाहेर आली.