भोंग्याला तिकीट

"आरं, भोंग्याला कुनी तिकीट देतं का?"

साहेब असं म्हणाले आणि बंगल्याच्या ओसरीवरचे सगळे खो खो हसले. मी चपलांच्या ढिगाशेजारी उभा. दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्यांच्याबरोबर मीही हसलो.

मी सभेत माईकवर बोलणारा माणूस. आईबाप ऊसतोडीला जायचे. हातात कोयता यायला नको म्हणून मी गळा कामाला लावला. साहेब गावच्या सोसायटीचे चेअरमन होते तेव्हापासून त्यांची ओळख मी करून देतो. पुढं ते सरपंच झाले, पंचायत समितीचे सभापती झाले, जिल्हा परिषदेत गेले. ते एक पायरी चढले की माझ्या तोंडी एक नवं विशेषण. कार्यसम्राट. विकासपुरुष. घरोघर पाणी पोचवणारे भगीरथ.

आणि साहेब वेळेवर? कधीच नाही! नेवाशाला जाऊ दे नाहीतर पुणतांब्याला, उशीर ठरलेला. तोवर उन्हात बसलेली माणसं मी धरून ठेवायची. गाडीचा धुरळा दिसला की माईक सोडून स्टेजच्या मागं जायचं. जेवायला सगळ्यात शेवटी, तेही उभ्यानं.

यंदा आमचा पंचायत समितीचा गण आमच्या जातीला राखीव निघाला. वाटलं, आता तरी साहेब म्हणतील, तू उभा राहा. म्हणून बंगल्यावर गेलो होतो. मागितलं, तर भोंगा झालो. वर म्हणाले, "आपला ट्रॅक्टरवाला उभा करतोय. तुमच्यातलाच हाय. तोंडातनं शब्द काढत न्हाई, लई गुनाचा. उद्या सभेत त्याची वळख तूच करून दे."

घरी आलो तर आई हापशावरून हंडा घेऊन येत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

मी भडकलो. "काय बरं झालं?"

हंडा खाली न ठेवताच ती बोलली. "मागच्या सभेला माझ्या डोक्यावर ह्योच हंडा हुता. आन् तू भोंग्यातनं वरडत हुतास, घरोघर पानी आलं म्हनून. बाया माझ्याकडं बघून हसल्या. तुझा बाप मुकादमाम्होरं मुका ऱ्हायला, पर खोटं न्हाई बोलला."

अंगाची लाही लाही झाली. ओसरीवरचं हसणं एवढं लागलं नव्हतं. आमच्या वस्तीला नळ नाही, आणि तो आला असं मीच गावभर सांगत फिरलो. कुणाच्या तोंडानं? माझ्याच.

दुसऱ्या दिवशी बाजारतळावर सभा. साहेब नेहमीसारखे उशिरा. स्टेजवर ट्रॅक्टरवाला मान खाली घालून बसलेला. मी माईक हातात घेतला. साहेबांची कारकीर्द सांगायला मला अर्धा अर्धा तास लागायचा. स्वतःची ओळख दोन वाक्यांत संपली. "मी ऊसतोड्याचा पोरगा, हितल्याच वस्तीवरचा. राखीव जागेवर मी अपक्ष उभा राहतोय, कुणाला इचारून न्हाई."

कुणीतरी वायर उपटली. भोंगा गप्प झाला. मी नाही झालो. माझ्या गळ्याला विजेची गरज नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज भरलाय. काल साहेबांचा माणूस दारात आला. म्हणाला, "माघार घे. न्हाईतर तालुक्यात तुला कुनी माईक देनार न्हाई. खाशील काय?"

घाबरलो, खोटं कशाला बोलू? दुसरा धंदा मला येत नाही. निवडून येईन असं वस्तीवरसुद्धा कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. आई दारातच उभी होती, रिकामा हंडा कमरेवर घेऊन.

मी म्हणालो, "नका देऊ माईक. साहेबांना सांग, त्यांची कारकीर्द माझ्याइतकी कुणाला पाठ न्हाई. ती मी घरोघर जाऊन सांगनार. आन् आजवर जे गाळत आलो, ह्या येळी तिथनंच सुरुवात करनार."

तो गेला. मी चपला घातल्या आणि पहिल्या घराची कडी वाजवली.