खुर्चीत नुसतं बसायचं

आमची मुलगी नाचते असं सांगितलं की लोक विचारतात, "कथक की भरतनाट्यम?" त्यावर "समकालीन" म्हटलं की समोरचा "अच्छा, अच्छा" करत हवापाण्यावर येतो. मी त्याला दोष देत नाही. माझा सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. तिचे प्रयोग बघायला लागून बरीच वर्षं झाली, तरी टाळी नेमकी कुठे वाजवायची ते मला अजून उमगलेलं नाही. शेजारचा वाजवतो तेव्हा मी वाजवतो. तोही बहुधा माझ्याकडेच बघत असतो.

यंदा थंडीत पुण्यात आंतरराष्ट्रीय समकालीन नृत्यमहोत्सव भरला आणि त्यात तिची स्वतःची रचना होती. दुसऱ्यांनी बसवलेल्या नृत्यांत ती पूर्वी पुष्कळदा नाचली होती. ही पहिलीच तिने स्वतः बसवलेली. तिच्यासाठी ती वर्षभर खपत होती. बाहेरच्या देशांतले आयोजक बघायला येणार होते, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या मनात भरली तर रचना तिकडे जाणार होती. नाही भरली तर वर्षभराचा घाम एका संध्याकाळी वाळून जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे घरात त्याविषयी कुणी बोलत नसे.

पहिले दोन दिवस मी आणि बायको नुसते प्रेक्षक म्हणून गेलो. एका प्रयोगात एक धिप्पाड गृहस्थ लोखंडी खाटेशी झुंजत होते. शेवटी खाट जिंकली. दुसऱ्या प्रयोगात चौघी बायका इतका वेळ स्तब्ध उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी स्पष्ट आवाजात विचारलं, "सुरू झालंय, की अजून कुणी यायचंय?" बायको मात्र रंगून गेली होती. चौघींपैकी एकीचा हात अगदी सावकाश वर जायला लागला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अहो, विचारू नका, बघा." प्रयोगानंतर कलाकारांशी गप्पा असत. तिथे पुणेकर प्रश्न विचारायला उभा राहतो आणि आपलं मत सांगून खाली बसतो. एका सद्गृहस्थांनी तर त्या खाटवाल्या कलाकाराला, तुमच्या खाटेचा एक पाय आखूड आहे, हे जाहीरपणे लक्षात आणून दिलं. मला हे सगळं मनापासून आवडत होतं. घरी मी तसं कबूल केलं नाही, एवढंच.

मुलीची रचना तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. ती मला साधारण अशी समजली होती: रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीत एक वयस्क माणूस. समोर ती. ती पडते, उठते, पुन्हा पडते, पुन्हा उठते. माणूस बघत राहतो.

"हा माणूस कोण?" मी विचारलं होतं.

"कोणीही."

"मग उठून हात का देत नाही?"

"बाबा, तोच तर पॉइंट आहे!"

पॉइंट असेल तर आपण काय बोलणार? भूमितीत बिंदूला लांबी, रुंदी काही नसते, पण तो असतो.

तो वयस्क माणूस म्हणून उत्तरेकडच्या एका थंडगार देशातले नर्तक आले होते. वय माझ्याएवढंच, पाठ मात्र फुटपट्टीसारखी सरळ. मुलीच्या एका कार्यशाळेत ते तिचे शिक्षक होते आणि केवळ तिच्यासाठी या रचनेत बसायला तयार झाले होते. एवढा मोठा माणूस आपल्या पोरीसाठी समुद्र ओलांडून येतो म्हटल्यावर त्याला घरी जेवायला बोलावणं आलंच. शिवाय पुणेकर पाहुण्याला 'जेवूनच आला असाल ना' असं विचारतात, हा जो आपल्यावर जुना आरोप आहे, तो धुऊन काढायचा आमच्या घराने विडाच उचलला आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी नारायण पेठेतल्या आमच्या छोट्याशा फ्लॅटवर पुरणपोळीचा बेत ठरला.

मुलगी सरावाला गेली होती, त्यामुळे पंगतीत आम्ही तिघंच. बायकोने पहिली पोळी वाढली, तुपाची धार धरली. पाहुण्यांनी ती संपवली, ताट स्वच्छ केलं आणि हसून मान डोलावली. आपल्याकडे रिकाम्या ताटाचा अर्थ एकच. बायकोने दुसरी वाढली. त्यांनी तीही संपवली. मग मी उठून आग्रहाची एक वाढली, कारण यजमानाच्या हातची वेगळी. शेजारच्या वहिनी परदेशी पाहुणा बघायला म्हणून डोकावल्या, त्यांनी एक वाढली. मधूनमधून कटाची आमटी, भजी आणि भात चालूच. पाहुण्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण एकदाही त्यांनी पानावर आडवा हात धरला नाही. बायको माझ्या कानात म्हणाली, "किती आवडलंय बघा त्यांना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या देशात ताटात काही टाकणं हा यजमानाचा अपमान समजतात. ताट पुसून संपवलं म्हणजे 'पोट भरलं, आभारी आहे'. म्हणजे ते बिचारे दर वेळी आभार मानत होते आणि आम्ही दर वेळी वाढत होतो. रात्रभर त्यांच्या पोटाचे हाल झाले होते. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण दोन दिवस बिछान्यातून हलायचं नाही.

"बाबा, शो कॅन्सल करावा लागेल," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. तो तसा असतो तेव्हा तिचं रडून झालेलं असतं. "त्यांच्या वयाचं कोणी नाहीये इथे. आणि एका दिवसात कोण येणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पोळीच्या आग्रहापायी पोरीचं वर्ष वाया जायची वेळ आणली होती मी. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

"अगं, खुर्चीत नुसतं बसायचंच आहे ना? मग यांना ने. निवृत्त झाल्यापासून दुसरं काय करतायत?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबांना गप्प बसता येईल?"

प्रश्न रास्त होता. मला चूक दिसली की राहवत नाही. हॉटेलातल्या बिलावरची बेरीज मी दुरुस्त केलेली आहे. पण एक गोष्ट माझ्या बाजूची होती. हयातभर मी परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून बसलो होतो. पोरं कागदावर कशीही धडपडत असोत, बोलायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तीन तास. मी फोन परत घेऊन तिला तसं सांगितलं. "तसंच बसा," मुलगी म्हणाली, "फक्त कडक दिसू नका."

दुपारी सराव झाला. काळे पडदे लावलेली छोटी जागा, मधोमध लाकडी खुर्ची. मुलगी पडायला लागली. पडणं काय असतं ते मी तोवर प्रेक्षागृहातून बघितलं होतं. चार हातांवरून बघणं फार वेगळं.

"बाबा, डोळे मिटू नका."

"मी नाही मिटले."

"आणि चेहरा न्यूट्रल. आत्ता तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे दिसताय."

मग तिने मला शेजारी बसवून पडायची रीत समजावून सांगितली. आधी तळहात, मग दंड, मग कुशीवर. हाड कुठेही जमिनीला थेट लागू द्यायचं नाही. नीट पडलं की 'फट्' असा सपाट आवाज येतो, तो आला की समजायचं सगळं ठीक आहे. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. शिवाय मी एक युक्ती काढली. ती नाचायला लागली की मनात एकोणिसाचा पाढा म्हणायचा, तो संपला की एकोणतिसाचा. चेहरा आपोआप कोरा होतो. दुसऱ्या सरावाला ती म्हणाली, "बाबा, मस्त! काय विचार करत होतात?" मी म्हटलं, "जगाच्या निरर्थकतेचा." ती मनापासून हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू होतं.

संध्याकाळी जागा भरली. बायको दहाव्या रांगेत, हातात रुमाल घट्ट धरून. पहिल्या रांगेत परदेशी आयोजक मांडीवर वह्या घेऊन. दिवे गेले, आले, आणि मी खुर्चीत होतो. संगीत असं नव्हतंच, फक्त तिच्या श्वासाचा आणि पडण्याचा आवाज. फट्. एकोणीस एके एकोणीस. फट्. ती इतकी सुंदर उठत होती की माझा पाढा दोनदा चुकला. आपल्या मुलीला काय येतं हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा नीट दिसलं. ऊर अभिमानाने भरून आला आणि तरी मी चेहरा कोरा ठेवला.

मग ती पडली आणि आवाज निराळा आला. सपाट नव्हता. हाडाचा होता, गुडघ्याचा. तिचा श्वास मधेच तुटला.

"लागलं का गं?"

हे मी म्हणालो होतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेल्या माझ्या आवाजात.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पाहुण्याला आजारी पाडून जे अर्धं राहिलं होतं ते मी आता पुरं केलं होतं. मी खुर्चीवरून उठणारच होतो, दोन्ही हात दांड्यांवर टेकलेही होते. तेवढ्यात तिने मान वर केली. त्या रचनेत ती माणसाकडे एकदाही बघत नाही. तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. कुणीतरी नाक शिंकरलं. ती उठली, पुन्हा पडली, पुन्हा उठली आणि मी खुर्चीच्या दांड्या धरून शेवटपर्यंत बसून राहिलो. पाढा वगैरे काही म्हटला नाही. नुसता बघत होतो. दिवे गेले तेव्हा टाळ्या कधी वाजवायच्या हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

नंतरच्या गप्पांत पहिला हात वर गेला तो नेहमीच्या सद्गृहस्थांचा. ते म्हणाले, "वाक्य चांगलं होतं, पण इंग्रजीत घेतलं असतं तर पाहुण्यांची सोय झाली असती." पहिल्या रांगेतल्या एक परदेशी बाई वळून म्हणाल्या की त्यांना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी मुलीला विचारलं, हे वाक्य मूळ रचनेतलं का? "नाही," मुलगी म्हणाली, "आणि पुढेही नसेल. बाबांना परत सांगून विचारायला लावलं तर ते खोटं होईल." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्यांनी मुलीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि उन्हाळ्यात तिकडे यायचं निमंत्रण दिलं. आजारी पाहुण्यांना ही बातमी फोनवर कळवली तेव्हा ते आनंदाने ओरडले आणि वर आमचीच माफी मागितली. बायको मला बाहेर भेटली. तिचा रुमाल पिळून काढण्यासारखा झाला होता. "अख्ख्या प्रयोगात तुम्हाला एकही वाक्य नव्हतं," ती म्हणाली, "तरी चुकलातच!" आणि माझा दंड घट्ट धरला.

तिला पाहुण्यांसाठी घरी जाऊन मऊ भात लावायचा होता, म्हणून ती रिक्षाने पुढे गेली. मी आणि मुलगी स्कूटरवरून निघालो. ती नेहमी दोन्हीकडे पाय टाकून बसते, आज एकीकडे बसली. पुलावरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली.

"बाबा, लागलं होतं."

"माहीत आहे."

"मग उठून का नाही आलात?"

"तू नाही म्हणालीस ना."

सिग्नल सुटला. मागच्याने लगेच हॉर्न मारला, एरवी मी त्याला सुनावलं असतं, आज नाही. घरापर्यंत तिने माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं, आणि मी प्रत्येक खड्डा चुकवत होतो.

जिन्याच्या पायऱ्या ती माझ्या हाताचा आधार घेऊन चढली. बायको आमच्या आधी पोचली होती. तिला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला बर्फ होता.

"आधी गुडघा इकडे कर," ती म्हणाली, "दहाव्या रांगेपर्यंत ऐकू आलं होतं मला."