थ्रेशरवरच्या बाईचा आवाज

पाहुणे दारात आले तसे भागिरथाबाईनं हात जोडले, पण तोंडातून जयभीम काही निघाला नाही. आज बोलायचंच नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

कारण सहा वर्षांपूर्वीचं. किन्हीराजात, आपल्याच वावरात सोयाबीन काढणं चालू होतं. थ्रेशरचा पट्टा तुटला, नवरा इंद्रभान नुसताच पाहात उभा, अन् ही त्याच्यावर कडाडली, "मानूस हाय का बुजगावनं हाय? उभं केलं त उभंच!" मशीनवाल्यानं ते मोबाईलात घेतलं. बाईच्या तोंडाला फडकं, वरून भुसाची धूळ. चेहरा कोणाले दिसला नाही, आवाज मात्र गावोगाव गेला. लोकांनी तो मांजराच्या व्हिडिओवर लावला, बोहल्यावरच्या नवरदेवाच्या व्हिडिओवर लावला, मालेगावात वरातीच्या डीजेवरही वाजला. चारेक महिन्यांनी दुसरं काहीतरी आलं अन् हे मेलं. गावानं मात्र इंद्रभानले दोन वर्ष बुजगावनं म्हणूनच हाक मारली. गडी आठवडी बाजाराले जायचा बंद झाला.

आता पोरीले, धम्मदीपाले, आसेगावचं स्थळ आलं होतं. पोरगा प्रसेनजित नोकरीवर, माणसं नीट. पण मायनं बापाले असं चव्हाट्यावर आणलं, हे कळलं तर? त्या घरची लेक कोण करील? म्हणून भागिरथाबाई मुकी झाली.

पोहे झाले, चहा झाला. पोराची माय वैजयंताबाईनं दोनदा काहीबाही विचारून पाहिलं. इकडून नुसती मान हालली. आपल्याकडं पोरीच्या मायनं जेवाचा आग्रह केला, तरच स्थळ मनावर घेतलं असं धरतात. आग्रह काही होईना. वैजयंताबाईचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती उठली, म्हणाली की चला, या लोकायले स्थळ पसंत दिसत नाही. तिनं चपलेत पाय घातला.

इंद्रभान दाराशी उभा. ना अडवे, ना बोले. तेच सहा वर्षांपूर्वीचं वाक्य भागिरथाबाईच्या जिभेवर आलं. ते तिनं गिळलं अन् म्हणाली, "बसा ना बाई. जेवल्याबिगर कायले जाता? पुऱ्या होऊन राह्यल्या."

वैजयंताबाईनं पाय मागं घेतला. प्रसेनजितनं मात्र मान वर केली. "मावशी, तुमचा आवाज कुठंतरी आयकला मी."

भागिरथाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. धम्मदीपा खाली पाहू लागली. तवा दारातून इंद्रभान म्हणाला, "थ्रेशरवरची बाई, थे हेच. अन् बुजगावनं मी."

"कोनती बाई?" पोरगा गोंधळला. मोबाईल काढून शोधायले लागला. वैजयंताबाई म्हणाली, असे व्हिडिओ लय येतात न् जातात, ठेव थे डबडं अन् जेव.

पुरी टम्म फुगलेली आली. भागिरथाबाई वाढू लागली, पण नजर त्याच्या डाव्या हातावर. उजव्या हातानं घास चालू अन् ताटाच्या आडून डावा अंगठा पडद्यावर सरकून राह्यला.

"सापडलं का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही अजून."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक पुरी टाकली.